पहिले धनुष्य निवडताना आणि जुळवताना

2023 साली बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले आणि साताऱ्याच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी वरिष्ठ गटाचे विश्वविजेतेपद मिळवले, त्यानंतर लातूर, बीड, परभणी, नांदेडकडची कितीतरी मुले आणि त्यांचे पालक धनुष्याची चौकशी करू लागले. ही चौकशी बहुतेक मोबाइलवरच सुरू होते आणि तिथे अडचण उभी राहते, कारण तिथे दिसणारी बरीचशी धनुष्ये आणि बाण हे अमेरिकेतल्या शिकारीसाठी आणि धनुष्याने मासे मारण्यासाठी बनवलेले असतात, त्यांची जाहिरात बाणाच्या वेगावर चालते आणि घेणाऱ्याच्या खांद्याचा, हाताच्या लांबीचा किंवा वयाचा त्यात कुठेच विचार नसतो. धनुष्य आधी माणसाच्या मापाचे हवे आणि मग बाण धनुष्याच्या मापाचा हवा. हा क्रम उलटला की पुढची सगळी मेहनत वाया जाते, असे माझे ठाम मत आहे.

शिकारीचा प्रश्न सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नसुद्धा येतो. रानडुकरांनी रातोरात सोयाबीन किंवा भुईमूग लोळवलेला पाहून शेतकऱ्याचा जीव किती जळतो हे मी जवळून पाहिले आहे. परंतु त्यावरचा मार्ग म्हणजे पंचनामा करून वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करणे हा आहे, बांधावर धनुष्य घेऊन बसणे हा नव्हे. मासेमारीचेही तसेच आहे. पैठणचा नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे आणि इतर अनेक तलावांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. म्हणून पुढे शिकारीच्या साहित्याचा उल्लेख येईल तो केवळ त्यातले काय टाळावे आणि काय उपयोगी पडते हे कळावे यासाठी.

पहिले माप ओढीच्या लांबीचे, म्हणजे ज्याला मैदानावर सगळे ड्रॉ लेंग्थ म्हणतात त्याचे. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे ताणावेत, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत इंचांत मोजावे आणि त्या आकड्याला अडीचने भागावे. हातांचा पसारा 66 इंच आला तर ओढ साधारण 26.4 इंच येते. हा अंदाज झाला. खरे माप मात्र हलके धनुष्य आणि मुद्दाम लांब ठेवलेला बाण घेऊन, हनुवटीखाली हात टेकेपर्यंत ओढून, दुसऱ्या माणसाकडून बाणावर खूण करून घेतल्यावरच कळते. हे एकट्याने करू नये, कारण स्वतः मोजताना मान पुढे जाते आणि माप चुकते. त्याच बैठकीत डोळाही तपासावा: दोन्ही तळहातांची लहान खिडकी करून दूरची एखादी वस्तू, समजा टॉवरचे टोक, तिच्यातून पाहावे आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला ती वस्तू खिडकीत तशीच दिसत राहते तो मुख्य डोळा होय, आणि शक्य असेल तर धनुष्य त्या बाजूचेच घ्यावे.

दुसरे माप वजनाचे, म्हणजे पाउंडांचे. धनुष्याच्या मधल्या मुठीच्या सांगाड्याला रायझर आणि त्याला वर-खाली जोडलेल्या लवचिक पात्यांना लिम्ब म्हणतात. लिम्बवर छापलेला आकडा हा 28 इंच ओढीचा असतो आणि ओढ एका इंचाने कमी झाली की साधारण दोन पाउंड कमी होतात, त्यामुळे 30 पाउंडांचे लिम्ब 26 इंच ओढणाऱ्या मुलीच्या बोटांवर 26 पाउंडच देतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने 14 ते 18 पाउंडांवर आणि प्रौढाने 20 ते 26 पाउंडांवर सुरुवात केली तर शरीर साथ देते. यासाठी साधी कसोटी अशी की खुर्चीवर बसून, धनुष्य आभाळाकडे न उचलता सरळ समोर ओढता यावे आणि पूर्ण ओढून दहा सेकंद हात न थरथरता धरता यावे. ते जमत नसेल तर ते धनुष्य आपले नाही, मग ते कितीही स्वस्त मिळत असो. ज्यांचे लिम्ब बदलता येतात अशीच रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेली धनुष्ये, घ्यावीत, म्हणजे ताकद वाढेल तसे रायझर तेच ठेवून दोन-चार पाउंडांचा टप्पा चढता येतो.

मी स्वतः हा टप्पा वगळला होता आणि त्याची किंमत मोजली. पहिल्याच वर्षी एका विक्रेत्याने मला शिकारीसाठी बनवलेले 60 पाउंडांचे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य, दिले. त्याची ओढ साडेएकोणतीस इंचांवर बसवलेली होती आणि माझी ओढ साडेसत्तावीस होती. दोन इंच जास्त ओढण्यासाठी मी रोज खांदा वर उचलून मागे रेटत राहिलो. दोन महिन्यांनी उजव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलणे अवघड झाले, आणि पुढचे चार महिने धनुष्य भिंतीला टांगून ठेवावे लागले. आज कोणी शिकाऊ मुलगा जड धनुष्य घेऊन आला की मी आधी त्याचा खांदा पाहतो.

रिकर्व्हची एकूण लांबी ओढीवरून ठरते: 26 इंचांपर्यंत ओढ असेल तर 66 इंची, 26 ते 28 इंचांसाठी 68 इंची आणि त्याहून जास्त ओढीला 70 इंची धनुष्य बोटांना आरामाचे पडते. लांब हातांच्या माणसाने आखूड धनुष्य घेतले तर दोरी बोटांवर तीव्र कोनात चिमटते आणि सुटताना बाण डगमगतो.

बाणाच्या निवडीत सर्वाधिक चुका होतात. बाण सुटतो तेव्हा तो सरळ निघत नाही, तो माशासारखा वळवळत निघतो, आणि त्याची ही लवचिकता म्हणजे स्पाइन धनुष्याच्या ताकदीशी जुळलेली असावी लागते. 28 इंच अंतरावर दोन्हीकडे टेकवलेल्या नळीच्या मध्यभागी 880 ग्रॅम वजन टांगले असता ती जितकी वाकते त्यावरून हा आकडा ठरतो. 500 स्पाइन म्हणजे अर्धा इंच वाक, म्हणजेच आकडा जितका मोठा तितका बाण मऊ. 26 पाउंडांच्या रिकर्व्हला साधारण 800 ते 1000 स्पाइन लागते. ऑनलाइन सर्वत्र दिसणारे शिकारीचे कार्बन बाण मात्र 300, 340, 400 स्पाइनचे असतात, कारण ते 60-70 पाउंडांच्या कंपाउंडसाठी असतात. ते शिकाऊ धनुष्यावरून मारले तर वाकतच नाहीत आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचे सगळे बाण डावीकडे जातात. मग मुलगा महिनाभर आपली नजरच चुकते आहे असे समजून नेम बदलत बसतो. बाण लांब ठेवला किंवा पुढचे टोक जड लावले तर तो मऊ वागतो, आखूड केला तर कडक वागतो, हे लक्षात ठेवले की जुळवणी सोपी जाते.

शिकाऊ माणसाचा बाण त्याच्या ओढीपेक्षा निदान दोन इंच लांब असावा. ही बाब सुरक्षिततेची आहे: आखूड बाण जास्त ओढला गेला की धनुष्यावरच्या बाण ठेवायच्या टेकणीवरून मागे सरकतो आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. बाणाचे वजनही धनुष्याच्या दर पाउंडाला किमान पाच ग्रेन असावे. एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम. फार हलका बाण धनुष्याची ताकद शोषून घेत नाही आणि ती ताकद लिम्बमध्येच उरून त्यांना फोडते. बाण न लावता ओढलेली दोरी सोडून देण्याने हेच नुकसान टोकाला जाते, म्हणून रिकामी दोरी कधीही सोडू नये आणि पाहुण्यांच्या हातात धनुष्य देताना तेवढे आवर्जून सांगावे.

कार्बनचा बाण प्रत्येक वेळी टार्गेटमधून काढल्यावर तपासावा लागतो. आपल्याकडे यासाठी लागणारे साधन घरोघर आहे: वेचणीतल्या कापसाचा बोंडाएवढा पुंजका घेऊन तो नॉकपासून, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचेपासून, टोकापर्यंत बाणावरून हलकेच फिरवावा. कुठे तंतू सुटला असेल तर कापूस तिथे अडकतो आणि त्याचे पांढरे केस उभे राहतात. त्यानंतर बाण दोन्ही हातांनी धरून, चेहऱ्यापासून दूर, किंचित वाकवावा, थोडा फिरवून पुन्हा वाकवावा आणि कान देऊन ऐकावे. बारीक कडकड आली की तो बाण मोडून टाकावा, दुसऱ्या कोणाला देऊ नये. तडकलेला बाण सुटताना फुटला तर त्याच्या कपच्या हातात खोल जातात.

आता रिकर्व्ह जुळवणे. दोरी नेहमी स्ट्रिंगरने, म्हणजे लिम्बच्या टोकांना अडकवून धनुष्य वाकवायच्या दोराने, चढवावी, पायात अडकवून नव्हे, कारण त्याने लिम्ब पिळले जातात. दोरीपासून मुठीच्या सर्वांत खोल भागापर्यंतचे अंतर म्हणजे ब्रेस हाइट. 68 इंची धनुष्याला ते साधारण साडेआठ ते सव्वानऊ इंच ठेवावे आणि दोरीला पीळ देऊन किंवा काढून बसवावे. मोजताना मधे पीळ घालत राहावे आणि दर वेळी पाच-सहा बाण मारून आवाज ऐकावा. ज्या मापावर धनुष्य सर्वांत शांत वाजते तेच त्याचे माप. दोरीवरची नॉक अडकवण्याची खूण टेकणीपासून दोरीला काटकोनात येणाऱ्या रेषेपेक्षा पाव ते अर्धा इंच वर बांधावी. मागून पाहताना दोरी लिम्बच्या मध्यावर आणली की बाणाचे टोक दोरीच्या किंचित डावीकडे दिसावे, डावखुऱ्यांसाठी उजवीकडे.

कंपाउंडचे गणित वेगळे आहे. पूर्ण ओढल्यावर त्याच्या चाकांमुळे वजन सुटते. 80 टक्के सूट असलेले 50 पाउंडांचे धनुष्य धरताना बोटांवर 10 पाउंडच ठेवते. म्हणूनच ते फसवे असते, कारण ओढतानाचा पूर्ण भार खांद्यावर येतोच. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 60 पाउंडांची मर्यादा आहे आणि अंतर 50 मीटर असते, त्यामुळे 70 पाउंडांचे शिकारी धनुष्य घेऊन स्पर्धेत उपयोग नाही. ओढ अर्ध्या इंचानेही चुकली तर डोळ्यासमोरचे पीप, म्हणजे दोरीत बसवलेले नेमाचे छिद्र, आणि हनुवटी जुळत नाहीत. दोन्ही लिम्बचे बोल्ट सारखेच फेरे फिरवावेत आणि कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे सोडू नयेत. दोरी किंवा केबल बदलणे हे बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरणारे यंत्र, असलेल्या जाणकाराचेच काम आहे. असे शिकारी धनुष्य आधीच घरात आले असेल तर वजन खाली उतरवून, बाणाला धारदार पात्यांच्या टोकाऐवजी त्याच वजनाचे साधे टोक लावून, फोमच्या प्राण्यांवरच्या थ्रीडी तिरंदाजीसाठी ते चांगले चालते.

मासे मारण्याच्या साहित्यातून एकच गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या जड फायबरग्लासच्या बाणाला दोर बांधलेला असतो आणि दोर धनुष्याच्या पुढेच राहावा म्हणून सरकती कडी लावतात, कारण तो दोरीत अडकला तर बाण उलटून मारणाऱ्याकडेच येतो. काही मुले हरवू नये म्हणून साध्या बाणाला नायलॉनची दोरी बांधतात. तसे कधीही करू नये.

सरावाची जागा बांधाच्या किंवा मातीच्या उंच ढिगाच्या समोर असावी आणि त्या पलीकडे पाऊलवाट नसावी. जुन्या कपड्यांनी गच्च ठासलेले बारदान साध्या टोकांसाठी उत्तम टार्गेट होते, फक्त बटणे आणि चेन आधी कापून काढाव्यात. चुकलेला बाण ओल्या काळ्या मातीत रुतला तर तो हिसकू नये. मातीची पकड एवढी घट्ट असते की टोक आत राहून नळीच हातात येते. त्यासाठी बाजूची माती उकरून बाण आडवा सुटा करावा. मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवणे तर नकोच, कारण त्या उष्णतेत टोके चिकटवलेला गोंद मऊ पडतो आणि दोरी ताणून ब्रेस हाइट उतरते. दुपारच्या सरावात ती दर तासाला मोजावी.

शेवटची जुळवणी बिनपिसांच्या बाणाने होते. एकसारख्या बाणांपैकी एकाची पिसे काढावीत, 18 मीटरवरून पिसांचे तीन आणि हा एक असे मारावेत. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर बाण कडक आहे, उजवीकडे लागला तर मऊ. वर लागला तर नॉकची खूण थोडी वर सरकवावी, खाली लागला तर खाली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा तीन-चार फेऱ्या माराव्यात, कारण एका बाणावरून निष्कर्ष काढला तर सुटण्याची चूक धनुष्याच्या माथी मारली जाते. चारही बाण एका तळहातात मावतील असे लागू लागले की ब्रेस हाइट, नॉकची उंची, बाणाची लांबी आणि लिम्बच्या बोल्टचे फेरे वहीत तारखेसह लिहावेत, आणि नवी दोरी असेल तर पहिल्या दोनशे बाणांनंतर तेच आकडे पुन्हा मोजावेत.