अ‍ॅक्युपंक्चर करून पाहायचं ठरवलंय? पहिल्या सुईच्या आधीपासूनची तयारी

अ‍ॅक्युपंक्चरकडे माणूस बहुधा बाकी सगळं करून झाल्यावर वळतो. गोळ्या, मलमं, शेक, फिजिओथेरपी झालेली असते, दुखणं जुनं झालेलं असतं आणि ओळखीतल्या कुणाला तरी सुयांनी गुण आलेला असतो. गुण तुम्हालाही येऊ शकतो. पण दहा सिटिंग झाल्यावर विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर 'बरं वाटतंय थोडं, बहुतेक' याच्या पुढे जात नाही. आधी काय मोजायचं आणि कधी थांबायचं हे न ठरवता सुरुवात केली की असंच होणार.

कोणत्या दुखण्यासाठी

सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याची झीज, अर्धशिशी आणि ताणामुळे होणारी डोकेदुखी यांवर. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी यांवर मनगटाजवळच्या एका बिंदूचा (म्हणजे सुई टोचायच्या ठरावीक जागेचा) उपयोग होतो, यालाही बऱ्यापैकी आधार आहे. वजन कमी करणं, सिगारेट सोडवणं, वंध्यत्व यांचे दावे मोठे आहेत, पुरावा मात्र कच्चा आहे. मधुमेह किंवा कर्करोग 'मुळापासून' बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

परिणाम होतो म्हणजे नेमका कशाचा, हे समजून घेतलेलं बरं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत जुनी कंबरदुखी असलेले ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर पारंपरिक बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना स्पष्ट फरक पडला होता. बिंदू सोडून इतरत्र, उथळ सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी अशा नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. सुया घेणाऱ्या दोन्ही गटांना नेहमीच्या उपचारापेक्षा बराच जास्त फायदा झाला. सुई नेमकी कुठे टोचली याने मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणूनच एकाच आकड्यांवरून एक डॉक्टर 'करून बघा' म्हणतो आणि दुसरा 'हे मनाचे खेळ' म्हणतो. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येही हीच ओढाताण दिसते. अर्धशिशी टाळण्यासाठी ५ ते ८ आठवड्यांत १० सिटिंगपर्यंतचा कोर्स त्यात सुचवला आहे, पण २०१६ पासून कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असं म्हटलं आहे.

आधी निदान

सुईने दुखणं कमी झालं आणि त्यामागचा आजार झाकला गेला, हा खरा धोका. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद जाणं, ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री पडूनही न थांबणारी कळ, यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. अचानक उठलेली आणि आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी किंवा छातीत दुखणं असेल तर थेट इमर्जन्सी.

उपचार करणाऱ्याने विचारलं नाही तरी पुढच्या गोष्टी स्वतःहून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी, रक्त गोठण्याचा आजार, पेसमेकर, हृदयातली कृत्रिम झडप, गर्भारपण, फिट येणं, निकेलची अ‍ॅलर्जी, केमोथेरपीमुळे घटलेल्या पांढऱ्या पेशी. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातात सुया घेऊ नयेत. पेसमेकर असेल तर सुयांना जोडायचं विजेचं यंत्र नको. अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागातला बिंदू आणि पायाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या चार बोटं वरचा बिंदू गर्भारपणात टाळण्याचा जुना प्रघात आहे. चांगला उपचारक आजही तो पाळतो.

चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. यात एक व्यवहारी मुद्दाही आहे: सुया आणि गोळ्यांमधला बदल एकाच आठवड्यात केला, तर कशाने काय झालं हे कधीच उलगडत नाही.

दोन आठवड्यांची वही

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून जवळजवळ सगळे टाळतात, आणि नंतर सर्वांत जास्त पस्तावतात तेही याच भागाबद्दल. जुनं दुखणं चढउतार करत असतं. माणूस उपचाराला जातो तो ते सर्वांत वर असताना, म्हणजे पुढच्या आठवड्यात ते आपोआपच थोडं उतरणार असतं. त्या उताराचं श्रेय मग सुईला जातं. हे टाळायचं तर पहिल्या सिटिंगच्या आधीचे दोन आठवडे रोज एका ठरावीक वेळी नोंद करायची. दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्यायचा: ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल तेवढं. त्यापुढे वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या, रात्री दुखण्यामुळे किती वेळा जाग आली, आणि स्वतः निवडलेली एक कृती. न थांबता किती जिने चढलो, किती वेळ सलग बसलो, मान वळवून गाडी मागे घेता आली का, असं काहीही चालेल. आकडा मूडबरोबर हलतो. जिने हलत नाहीत. अर्धशिशी असेल तर रोजच्या आकड्यापेक्षा महिन्यातले डोकं दुखण्याचे दिवस मोजा, आणि त्यासाठी दोन आठवडे पुरत नाहीत, निदान चार लागतात.

कुणाकडे जायचं

नावापुढच्या पदव्यांपेक्षा प्रशिक्षण किती काळाचं होतं आणि त्यात प्रत्यक्ष रुग्णांवर किती काम केलं, हे विचारा. शनिवार-रविवारच्या कोर्सवर सुया टोचणारेही आहेत. तुम्ही राहता तिथे नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर तो पाहायला मागा. खऱ्या माणसाला राग येत नाही. पुढचा प्रश्न: 'माझ्या दुखण्यासाठी किती सिटिंगनंतर फरक दिसायला हवा, आणि दिसला नाही तर तुम्ही काय कराल?' याला '४ ते ६ सिटिंगमध्ये अंदाज येईल, नाही आला तर थांबू' अशा धर्तीचं उत्तर यायला हवं. पहिल्याच भेटीत ३० सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरायला सांगणारा टाळा.

सुई एकदाच वापरायची, निर्जंतुक, बंद पाकिटातली हवी आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात जायला हव्यात. 'तुमच्यासाठी वेगळा सेट उकळून ठेवतो' हे उत्तर आजच्या काळात चालत नाही.

सिटिंगच्या दिवशी

उपाशीपोटी जाऊ नका; तासा-दोन तासांपूर्वी हलकं खाल्लेलं असावं. चक्कर येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण रिकामं पोट आणि बसून घेतलेल्या सुया. पहिली सिटिंग आडवं पडूनच घ्या, खुर्चीत नको. कपडे कोपर आणि गुडघ्याच्या वर सहज सरकतील असे सैल हवेत.

सुई साधारण ०.१६ ते ०.३० मिलिमीटर जाडीची असते. रक्त काढायची नेहमीची सुई ०.८ मिलिमीटरची, म्हणजे इथली भीती अर्ध्याहून जास्त उगाच असते. सुई बारीक नळीतून टिचकी मारून त्वचेत घालतात, मग बोटाने आत सरकवतात. कानात, बोटांवर ती दोन-तीन मिलिमीटरच जाते. नितंबाच्या जाड स्नायूत चार सेंटिमीटर किंवा त्याहून खोलही. एका वेळी साधारण ५ ते २० सुया, आणि त्या १५ ते ३० मिनिटं ठेवतात.

कुठल्या संवेदनेला काय म्हणायचं, हे आधी माहीत असलेलं चांगलं. जडपणा, खोलवर बोथट ठणका, दाबल्यासारखं वाटणं, आसपास पसरणाऱ्या मुंग्या, हे अपेक्षित आहे. उपचारक सुई फिरवून हेच शोधत असतो. त्वचेवरच बोचणारी, भाजल्यासारखी आग चालू राहिली तर सुई शिरेजवळ किंवा त्वचेच्या संवेदनशील जागी आहे. विजेचा झटका बोटांपर्यंत गेला तर ती मज्जातंतूला लागली आहे. या दोन्ही वेळा लगेच बोला, सहन करत बसू नका. दात आवळून पडून राहणारा रुग्ण 'चांगला रुग्ण' नसतो, उपचारकाला अंधारात ठेवणारा असतो.

सुया आत असताना कूस बदलू नका, मोबाइल घ्यायला हात लांब करू नका. स्नायू आवळला की सुई वाकते किंवा अडकते. अडकलीच तर खेचायची नसते: थोडा वेळ थांबायचं, आसपास हलकं चोळायचं, गरज पडल्यास शेजारी दुसरी सुई लावून स्नायू सैल करायचा. घाम फुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सांगा. सगळ्या सुया काढून, पाय उंच करून पडलात की बहुतेक वेळा काही मिनिटांत ठीक वाटतं. उठताना आधी बसा, मग उभे राहा.

विजेचं यंत्र जोडणार असतील तर वारंवारता विचारा. २ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोन ठोक्यांच्या, आसपास स्नायू टकटक उडतो. ८० ते १०० हर्ट्झला सलग भरभर जाणवतं. प्रवाह जाणवेल पण दुखणार नाही इतकाच हवा, आणि तो हळूहळू वाढवायला हवा. गरम दिवा किंवा जळती वनौषधीची कांडी वापरणार असतील आणि मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील, तर सरळ नको म्हणा. भाजलेलं कळतच नाही.

निघण्यापूर्वी सुया मोजून घ्या. किती टोचल्या, किती काढल्या. केसांत आणि घोट्यामागे सुई विसरली जाते, आणि ती सापडते मोजा चढवताना. कानात चिकटपट्टीखाली बारीक टोचणी ठेवून घरी पाठवत असतील तर लालसरपणा किंवा ठणका सुरू होताच ती काढून टाका. कानाच्या कूर्चेतला जंतुसंसर्ग चिवट असतो. कृत्रिम झडप असलेल्यांनी ती घेऊच नये. बी चिकटवून दाबायचा पर्याय असतो.

नंतर काय बिघडू शकतं

काळानिळा डाग, टोचल्या जागी एखादा थेंब रक्त, दिवसभर झोप आल्यासारखं, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं थोडं वाढणं, हे नेहमीचं. जर्मनीतच सुमारे २ लाख २९ हजार रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला होता, बहुतेक अशाच किरकोळ स्वरूपाचा. पण त्याच पाहणीत दोघांच्या फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा शिरली होती. खांद्याच्या वरचा आणि पाठीचा फऱ्यामधला भाग यासाठी नाजूक आहे. बारीक अंगाच्या माणसात तिथे फुप्फुस त्वचेखाली एक-दोन सेंटिमीटरवरच असतं. तिथली सुई तिरकी आणि उथळच हवी. सिटिंगनंतर काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशी, श्वास घेताना छातीत टोचलं, धाप लागली किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर उपचारकाला फोन करत बसू नका. रुग्णालयात जा आणि पाठीत सुया घेतल्या होत्या हे आल्या आल्या सांगा, म्हणजे एक्स-रे लगेच निघतो.

कधी थांबायचं

सुरुवातीला आठवड्यातून एक किंवा दोन सिटिंग. महिन्यातून एकदा जाऊन 'मला लागू पडलं नाही' म्हणण्यात अर्थ नाही. सहा सिटिंगनंतर वही उघडा आणि शेवटच्या आठवड्याची सरासरी सुरुवातीच्या दोन आठवड्यांशी ताडून पाहा. आकडा सुमारे ३० टक्क्यांनी किंवा निदान दोन अंकांनी खाली आला असेल, गोळ्या कमी झाल्या असतील, निवडलेली कृती सुधारली असेल, तर पुढे जा. यांतलं काहीच हललं नसेल तर उपचारकाला एक संधी द्या, बिंदू किंवा पद्धत बदलून आणखी दोन-तीन सिटिंगची, आणि मग थांबा. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने २०२० पासून जुन्या कंबरदुखीसाठी घातलेली मर्यादा स्वतःलाही लावून घेण्यासारखी आहे: ९० दिवसांत १२ सिटिंगपर्यंत, सुधारणा दिसली तर आणखी ८, आणि वर्षाला २० च्या वर नाही.

गुण आला असेल तर एकदम बंद करू नका. आधी आठवड्याची सिटिंग पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्या, नोंदी मात्र चालू ठेवा. दरम्यान दुखणं कमी झाल्यामुळे जो हालचालीला वाव मिळतो त्यात व्यायाम सुरू करा, कारण कमरेचे आणि गुडघ्याचे स्नायू सुईने बळकट होत नाहीत. अंतर वाढवल्यावर आकडा जिथे परत चढू लागतो, त्याच्या एक पाऊल आधीचं अंतर तुमच्यासाठी बरोबर.