पायाच्या नसेतला स्टेंट वर्षानुवर्षं चालू राहावा म्हणून काय काय करायचं
आपल्या इंदूरला घरोघरी शुगरवाले आहेत, त्यामुळे पायात स्टेंट (रक्त नेणारी अरुंद झालेली नस उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) टाकलेला एखादा काका किंवा आत्या प्रत्येकाच्या नात्यात सापडतेच. आणि बहुतेक घरांत एकच गोष्ट होते, पोटरीतले गोळे थांबले, राजवाड्यापर्यंत न थांबता चालता आलं, की झालं, फाइल कपाटात. माझं कळकळीचं सांगणं आहे की खरं काम तिथूनच सुरू होतं, कारण स्टेंट एक जागा उघडतो, आजार मात्र सगळ्या नसांमध्ये असतो.

सगळ्यात आधी डिस्चार्ज पेपर काढा आणि स्टेंट नेमका कुठे आहे ते बघा. पोटाखाली, कमरेजवळच्या मोठ्या नसेत असेल तर निकाल चांगले असतात, पाच वर्षांनंतरही बहुतेकांचे उघडे असतात. मांडीतल्या नसेचं तसं नाही, ती नस लांब, आणि उठता-बसता वाकते, पिळते, दाबली जाते, म्हणून तिथे स्टेंटमध्ये आतून नवीन थर वाढून परत अरुंद होण्याचं प्रमाण जास्त, कधी स्टेंटची तार तुटतेसुद्धा. व्हिएन्नाच्या एका अभ्यासात (2006 साली छापलेला) वर्षभरात मांडीतले 37 टक्के स्टेंट परत अरुंद झाले होते, नुसत्या बलूनने (नसेत फुगा फुगवून) उघडलेल्यांत 63 टक्के. औषध लावलेल्या झिल्व्हर पीटीएक्स स्टेंटचा पाच वर्षांचा आकडा साधारण 66 टक्के उघडे असा आहे, साध्या उपचारात 43. म्हणजे घाबरायचं नाही पण विसरायचंही नाही.

आता तपासणी. पहिल्या महिन्याच्या आसपास डॉप्लर (नसेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) आणि एबीआय करून घ्या, एबीआय म्हणजे घोट्याचं बीपी भागिले हाताचं बीपी, 0.9 च्या खाली आलं तर नस अरुंद आहे असं धरतात. हा पहिला आकडा फाइलच्या वरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे त्याच्याशीच तुलना करायची आहे, 0.15 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना लगेच दाखवा. मग सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि नंतर दर वर्षी, किंवा तुमचे डॉक्टर सांगतील तसं. जुना शुगरवाला असेल तर नसा कडक होऊन एबीआय खोटा चांगला येतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजता येईल का ते विचारा. आणि हो, डॉप्लरमध्ये थोडं अरुंद दिसलं म्हणून लगेच परत प्रोसिजर असं नसतं, त्रास किती, जखम आहे का, यावर ठरतं.

गोळ्या. रक्त पातळ करणाऱ्या दोन, अ‍ॅस्पिरिन बहुतेक कायमची, क्लोपिडोग्रेल बरेचदा एक ते सहा महिने, आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, रिपोर्ट चांगला आला तरी चालूच. दात काढायचाय म्हणून कोणी रक्त पातळ करणारी गोळी बंद करा म्हटलं तर आधी स्टेंटवाल्या डॉक्टरांना फोन करा, हे फार महत्त्वाचं आहे. विडी, सिगरेट, गुटखा पूर्ण बंद, "एखादी" पण नाही.

चालणं सोडू नका, स्टेंटनंतर तर अजूनच करा. लालबाग किंवा नेहरू पार्क, जे जवळ असेल ते, आठवड्यातून निदान तीन दिवस, 30 ते 45 मिनिटं, दुखायला लागलं की थांबा, थांबलं की परत चाला, किमान तीन महिने. कुठल्या झाडापर्यंत गोळा आला नाही ते लक्षात ठेवा, ते अंतर कमी व्हायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रोज रात्री पायाचे तळवे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, ज्येष्ठांना वाकता येत नसेल तर घरातल्यांनी बघायच्या, आणि घरातसुद्धा चप्पल.

पाय एकदम थंड, पांढरा पडला, बधिर झाला, बोटं हलेनात, तर गरम पाण्याची पिशवी नाही, मालिश नाही, सकाळ होऊ दे नाही. साधारण सहा तासांत रक्त परत सुरू व्हायला हवं, तेव्हा रात्री दोन वाजता असलं तरी उचलून थेट अशा हॉस्पिटलला न्या जिथे नसांचा सर्जन आणि कॅथलॅब (नसेत बारीक नळी घालून उपचार करायची खोली) दोन्ही आहेत. ते कुठलं हे आजच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.