ज्वालामुखीचं स्केच काढताय? आधी जागा पक्की करा

सुरक्षित अंतरावरची एकच जागा धरा आणि रोज तिथूनच बघा, १७६७ मध्ये ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टननेही इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा शंकू जुलै ते ऑक्टोबर असाच वाढताना टिपला होता. पण मला सगळ्यात भारी वाटते ती जपानच्या मासाओ मिमात्सु या पोस्टमास्तरांची आयडिया, १९४४ चे युद्धाचे दिवस, हाताशी साधनं नाहीत, तर त्यांनी समोर आडव्या दोऱ्या ताणल्या, हनुवटी टेकवायला ठराविक जागा केली आणि दोऱ्यांच्या मापाने शोवा-शिनझान हा नवा ज्वालामुखी डोंगर जमिनीतून वर येताना कागदावर उतरवला. तुम्हीही तसंच करा, हनुवटी हलली की माप गेलंच! प्रत्येक रेघेला तारीख-वेळ टाका, जुनी खोडू नका, नवी तिच्यावरच काढा. धुराचा रंग आणि दिशा बाजूला शब्दांत लिहा.