भाचीचं पालकत्व कोर्टातून घेताना

ताई आणि दाजी दोघंही गेल्यावर त्यांची मुलगी, माझी भाची ओवी, माझ्या घरी राहत होती, तिची फी मी भरत होतो, शाळेच्या डायरीवर सही माझी होती. तरी बँकेच्या आणि पीएफ ऑफिसच्या लेखी मी तिचा कोणीच नव्हतो. ताईच्या मुदतठेवीवर ओवीचं नाव नॉमिनी म्हणून होतं, पण काउंटरवरच्या बाईंनी कागद परत सरकवले. "तुम्ही मामा आहात ते दिसतंय हो. पण अज्ञान मुलीच्या वतीने पैसे घ्यायला कोर्टाचा आदेश आणा." अज्ञान म्हणजे कायद्याने 18 वर्षांखालची. बाईंचं बरोबर होतं.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 मध्ये मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून बाप आणि आई एवढेच येतात. दोघंही गेले की आजी, काका, मामा, आत्या यांपैकी कोणीही आपोआप पालक होत नाही, मूल कितीही वर्षं त्यांच्या घरी वाढलेलं असो. आईवडिलांनी मृत्युपत्रात कोणाचं नाव लिहून ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. नाही तर पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली कोर्टाकडून नेमणूक करून घ्यावी लागते. हा कायदा सगळ्या धर्मांच्या मुलांना लागू आहे. कोर्ट त्या-त्या धर्माचा वैयक्तिक कायदाही बघतं.

स्टॅम्पपेपरवर "आजपासून मी या मुलीचा पालक" असं लिहून नोटरी करून देणारे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले असतात. त्या कागदाने पालकत्व मिळत नाही. दत्तक ही तर निराळीच वाट. दत्तक घेतलं की मूल कायद्याने तुमचं होतं, तुमचा वारस होतं. पालकत्वात ते आपल्या आईबापाचंच राहतं, आडनाव तेच, वारसाहक्क तेच. मला ताईची मुलगी ताईचीच ठेवायची होती, म्हणून मी दत्तकाचा विचार केला नाही.

अर्ज करण्याआधी एक ठरवा: तुम्हाला मुलाचं पालकत्व हवंय, की त्याच्या मालमत्तेचं, की दोन्ही? कोर्ट दोन्ही वेगवेगळं देऊ शकतं आणि माझ्या मते निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. दाजींची सांगली जिल्ह्यात वडिलोपार्जित जमीन आहे, उसाची, थोरल्या भावासोबत सामाईक. मामाने कोर्टात अर्ज टाकला हे गावात कळलं की पहिला अर्थ एकच निघतो, जमीन. प्रत्यक्षात एकत्र कुटुंबाच्या अविभक्त जमिनीतला अज्ञानाचा हिस्सा घरातलं सज्ञान माणूस सांभाळत असेल, तर त्या हिश्श्यासाठी पालक नेमायची गरज 1956 चा कायदाच मानत नाही. मग त्यात हात घालायचा कशाला? मी ओवीचं स्वतःचं (कायद्याच्या भाषेत 'व्यक्तीचं') पालकत्व मागितलं आणि मालमत्तेपैकी फक्त ठेव आणि पीएफ.

वकिलाने मसुदा तयार केला तो दाखल करायच्या आधी मी गावी घेऊन गेलो. हे कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. ओसरीवर अण्णा म्हणजे दाजींचे थोरले भाऊ, आजी आणि गावातले दोन जाणते बसले. मी मसुदा मोठ्याने वाचला. "शेतजमिनीबाबत अर्जदाराची कोणतीही मागणी नाही" ही ओळ आली तेव्हा अण्णांनी हात वर केला, "परत वाचा." परत वाचली. मग त्यांनी विचारलं, "पोरगी दिवाळीला इकडं येणार का?" येणार म्हटलं, मे महिन्यातही येणार. त्यांनी ते वाक्यही अर्जात घाला म्हणून सांगितलं, आम्ही घातलं. त्यानंतर अण्णांनी आणि आजीने ना-हरकतीचं शपथपत्र दिलं. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना ओवीच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) म्हणून आजीचंच नाव लागलं. मला चाललं. त्या नोंदीने जमीन विकायचा हक्क कोणालाच येत नाही.

आता अर्ज कुठे करायचा ते. मूल नेहमी जिथे राहतं तिथलं कोर्ट. ओवी जन्मापासून चिंचवडला, तिथलीच शाळा, म्हणून पुण्याचं कौटुंबिक न्यायालय. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे व्यक्तीचं पालकत्व त्याच्याकडे; नाही तिथे जिल्हा न्यायालयात. मालमत्तेचा अर्ज हे जिल्हा न्यायालयाचं काम, आणि तो मुलाच्या राहत्या ठिकाणी किंवा मालमत्ता असेल तिथे करता येतो. आमचे म्हणून दोन अर्ज झाले. आईबाप गेल्यावर मूल दुसऱ्या जिल्ह्यात आणलं असेल तर "नेहमी राहतं" यावर समोरचा वकील वाद घालू शकतो. शाळेचं बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, सोसायटीचं पत्र असं काही हाताशी ठेवा.

अर्जात काय लिहायचं ते 1890 च्या कायद्याच्या कलम 10 मध्ये ठरलेलं आहे (पुढे येणारी कलमंही याच कायद्याची): मुलाचं नाव, लिंग, धर्म, जन्मतारीख, पत्ता, मालमत्ता काय, कुठे, अंदाजे किंमत किती, मूल सध्या कोणाकडे आहे, जवळचे नातेवाईक कोण आणि कुठे राहतात, आधी कोणी पालक नेमला आहे का, आधी असा अर्ज झाला होता का, आणि अर्ज करण्याचं कारण. सोबत पालक व्हायची तयारी असल्याचं निवेदन लागतं, त्यावर तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार. नातेवाइकांच्या यादीत कोणाला गाळू नका. दूरच्या, बोलणं बंद असलेल्या आत्याचंही नाव घाला. लपवलेलं नातं नंतर हरकत घेऊन उभं राहिलं की कोर्टाला संशय येतो तो तुमचाच.

कागद म्हणाल तर दोन्ही मृत्यूदाखले, मुलाचा जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, तुमच्या उत्पन्नाचा पुरावा. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, पगाराची स्लिप कुठून आणणार? तीन वर्षांचे आयकर रिटर्न आणि दुकानाचा परवाना जोडला. बायकोचं वेगळं संमतीचं शपथपत्रही दिलं. ते कायद्यात मागितलेलं नाही, पण मूल सांभाळणार ती, आणि न्यायाधीशांनी तिलाही दोन प्रश्न विचारलेच.

वकिलाची फी आधी तोंडी नको, लिहून ठरवा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. मावशी किंवा आत्या अर्जदार असेल तर हा रस्ता सरळच उघडा आहे.

अर्ज नोंदला की ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्यांना आणि इतर संबंधितांना नोटिसा निघतात, बहुतेक वेळा वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यायला सांगतात. ती छापून आल्यावर अख्खा अंक जपून ठेवा, कात्रण पुरत नाही असं म्हणणारे कारकून भेटतात. तारखा लागतात, त्यांचा हिशेब मी ठेवला नाही आणि तुम्हीही ठेवू नका. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये सीएनआर नंबर (कोर्टाने आपल्या प्रकरणाला दिलेला नंबर) टाकला की पुढची तारीख दिसते, त्यासाठी वकिलाला फोन करायची गरज नाही. मधल्या काळात मुलाच्या ताब्यावरून ओढाताण होत असेल, तर कलम 12 खाली तात्पुरता आदेश मागता येतो.

मग समुपदेशक. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक मुलाला एकट्याला बसवून बोलतात. ओवीला आम्ही काही पढवलं नाही, पण आदल्या रात्री मामी तिला म्हणाली, "खरं सांग, गावी राहावंसं वाटलं तरी सांग." आतमध्ये काय बोलणं झालं ते मला अहवालातून कळलं. मुलीला स्वतंत्र झोपायची जागा आहे का, आईवडिलांचा विषय घरात निघतो का, गणित कोण शिकवतं, असे प्रश्न होते. ओवीने सांगितलं होतं की मामा गणित शिकवतो पण चिडतो. ते अहवालात जसंच्या तसं होतं, आणि न्यायाधीशांनी ते वाचून माझ्याकडे बघितलं.

कलम 17 प्रमाणे कोर्ट बघतं ते मुलाचं हित. त्यात मुलाचं वय, लिंग, धर्म, होऊ घातलेल्या पालकाचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, गेलेल्या आईबापाची इच्छा, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मत. नुसतं श्रीमंत असून भागत नाही. आई किंवा बाप यांपैकी एक हयात असेल तर मात्र प्रकरण अवघड. तो पालक नालायक आहे असं कोर्टाला पटल्याशिवाय कलम 19 तुम्हाला पुढे जाऊ देत नाही. बाप दारू पितो एवढं सांगून चालत नाही, पुरावा लागतो.

आदेश झाला की त्याच दिवशी नक्कल विभागात सर्टिफाईड कॉपीचा अर्ज टाका, आणि एक नको, चार-पाच मागा. प्रत्येक ऑफिस मूळ प्रत बघायला मागतं. मालमत्तेच्या पालकाला कोर्ट जामीनखत आणि मालमत्तेची यादी द्यायला सांगू शकतं. अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं हे कोर्टाच्या परवानगीशिवाय जमत नाही; पाच वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टाही नाही. मूल कोर्टाच्या हद्दीबाहेर राहायला न्यायचं असेल तरी कलम 26 प्रमाणे आधी परवानगी, त्यामुळे परदेशी स्थायिक व्हायचा बेत असेल तर अर्जातच सांगून टाका. मी ओवीच्या पैशांची वेगळी वही ठेवली आहे, तिच्या खात्यातला रुपया माझ्या खात्यातून फिरत नाही.

पैशांत विसरू नये ते पीएफचं. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफची रक्कम, विमा आणि पेन्शन असे तीन वेगळे दावे असतात. विमा कमाल 7 लाखांपर्यंत मिळतो. दोन्ही पालक नसलेल्या मुलाला अनाथ पेन्शन असते, ती विधवा पेन्शनच्या 75 टक्के, आणि वयाच्या 25 वर्षांपर्यंत चालते. मृत्यू रस्त्यावरच्या अपघातात झाला असेल तर भरपाईच्या दाव्यासाठी पालकत्वाच्या आदेशाची वाट बघू नका. मुलाच्या वतीने जवळचा माणूस तो दाखल करू शकतो आणि मोटार वाहन कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. भरपाईतला मुलाचा हिस्सा न्यायाधिकरण साधारण तो सज्ञान होईपर्यंत ठेवीतच ठेवायला लावतं. आमचंही तसंच झालं, आणि मला ते बरं वाटलं.

सरकारी मदतही घ्या, लाजू नका. बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. त्याच कार्यालयात अनाथ प्रमाणपत्राचीही चौकशी करा. पुढे शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण त्याच कागदावर मिळतं.

आणि पालक म्हणून नेमलेला माणूसच गेला तर? त्याचा अधिकार त्याच्याबरोबर संपतो, त्याच्या बायकोकडे जात नाही. पुन्हा नवा अर्ज. म्हणून ओवीचे सगळे कागद कुठल्या फाइलमध्ये आहेत, वकील कोण, हे मामीला आणि अण्णांना दोघांनाही माहीत आहे.

मूल 18 चं झालं की पालकत्व संपतं. पूर्वी कोर्टाने पालक नेमलेल्या मुलाचं सज्ञान होण्याचं वय 21 होतं, 1999 च्या दुरुस्तीनंतर सगळ्यांना 18 च आहे. जुने कारकून अजून 21 म्हणतात, त्यांच्याशी वाद न घालता दुरुस्ती दाखवा. त्यानंतर बँकेचं खातं तिच्या स्वतःच्या सहीवर करून घ्यायचं, पालकाने हिशेब तिच्या हाती द्यायचा, आणि सातबाऱ्यावरचा अ.पा.क. शेरा कमी करायला ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करायचा. त्याला जन्मदाखला लागतो, तेवढा लॅमिनेट करू नका, काही ऑफिसं लॅमिनेशनचा कागद मूळ मानत नाहीत.