नातेवाईकांकडे वीकेंड आणि सोबत केंब्रिज: दोन्ही कसं जमवायचं

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी स्टीव्हनेज, हिचिन, पीटरबरो अशा लंडनच्या उत्तरेकडच्या गावांत असतंच. शुक्रवारी रात्री पोचून रविवारी परत निघायचं म्हटलं की ओढाताण होते, गप्पा पण मारायच्यात आणि फिरायचं पण आहे. माझं सरळ मत, शनिवार तुमचा आणि रविवार त्यांचा. हे आधीच फोनवर सांगून टाका, "काकू, शनिवारी आम्ही दिवसभर बाहेर, रात्री जेवायला घरी, तुम्ही डबा वगैरे करत बसू नका" (करतीलच).

काय न्यायचं? भारतातून नुकतेच आला असाल तर भाजणी, गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट, या गोष्टींना इथे सोन्याचा भाव आहे. पेढे आणि घरचं तूप मात्र बॅगेत टाकू नका, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. गाडीने जात असाल तर पार्किंगचं आधी विचारा, बऱ्याच रस्त्यांवर फक्त तिथे राहणाऱ्यांच्या परमिटवर गाडी लावता येते, मग काकांना व्हिजिटर परमिट काढून ठेवावं लागतं. आणि सोबत आईबाबा असतील तर बाथरूमचं आधीच समजावून सांगा, टबाबाहेर पाणी जायला जाळी नसते, खाली सांडलं की सरळ खालच्या खोलीच्या छताला डाग.

आता शनिवार. केंब्रिजला ट्रेननेच जा, काकांना ड्रायव्हर बनवू नका. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह ही रेल्वेची सवलत घ्या, कार्ड-बिर्ड काही लागत नाही, ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडूनच्या) तिकिटावर एक तृतीयांश कमी होतात आणि वीकेंडला ऑफ-पीकच असतं. पाच वर्षांखालची मुलं फुकट. गाडीच न्यायची असेल तर ट्रम्पिंग्टन किंवा मॅडिंगली रोडच्या पार्क अँड राइडला लावा आणि बसने आत जा, सेंटरमध्ये गाडी घालणं म्हणजे डोक्याला ताप.

स्टेशन गावापासून जरा लांब आहे, चालत पंचवीसेक मिनिटं. वाटेत थोडं वळण घेऊन ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर आलात की फिट्झविल्यम म्युझियम लागतं, फुकट आहे. याच्या समोरच तेव्हाचं फिट्झविल्यम हाऊस होतं, जयंत नारळीकर 1957 मध्ये शिकायला आले ते तिथे, नंतर ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. तसंच पुढे चालत राहिलात की किंग्ज कॉलेजचं चॅपल येतं, 1446 मध्ये बांधायला घेतलं आणि पुरं व्हायला जवळपास सत्तर वर्षं लागली, आत गेलात की पहिले छत बघा, दगडाचे पंखे उघडून ठेवल्यासारखं. तिकीट आहे, पण टर्म (कॉलेजचं सत्र) चालू असेल तर संध्याकाळची प्रार्थना, म्हणजे इव्हनसाँग, फुकट ऐकता येते, वेळ आधी वेबसाइटवर बघून ठेवा. शेजारीच सिनेट हाऊस, विद्यापीठाच्या समारंभांची इमारत. गणिताचा निकाल तिथे वाचला जायचा, आणि 1899 मध्ये दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे तिथे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय! त्यांचं सेंट जॉन्स कॉलेज तिथून पाच-सात मिनिटांवर. मधे ट्रिनिटी लागतं, न्यूटनचं आणि रामानुजनचं, दाराबाहेर न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाच्या वंशातलं एक झाड आहे, तिथे फोटोवाल्यांची गर्दी असते.

एवढं पुरे. पाच कॉलेजांची तिकिटं काढू नका, तिसऱ्यानंतर सगळी हिरवळ सारखीच दिसायला लागते आणि हिरवळीवर बहुतेक ठिकाणी पाय ठेवायला बंदीच. परीक्षेच्या दिवसांत, एप्रिल ते जून, बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात हेही लक्षात ठेवा. पंटिंग (बांबूने ढकलायच्या सपाट होडीतली फेरी) महाग वाटलं तर नदीकाठाने बॅक्सवर, म्हणजे कॉलेजांच्या मागच्या हिरवळींच्या बाजूने, चाला, किंग्जचं चॅपल तिकडून छानच दिसतं. सायकलींकडे मात्र लक्ष ठेवा, आवाज न करता मागून येतात.

रविवारी उशिरा उठा, काकूंसोबत पोहे करा. दुकानात जायचं असेल तर मोठी सुपरमार्केटं रविवारी सहाच तास उघडी असतात, बहुतेक दहा ते चार, हिरव्या मिरच्या त्याआधीच आणा. जेवण झाल्यावर सगळे मिळून ईलीला जा, केंब्रिजहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असतात म्हणून दुपारच बरी. 1322 मध्ये तिथला मधला मनोरा कोसळला आणि त्या जागी आठ कोनांचा, कंदिलासारखा दिसणारा लाकडी मनोरा उभारला, तो खालून मान वर करून बघायचा. म्हाताऱ्या माणसांना झेपेल असं छोटं गाव आहे, नदीकाठी बाकं आहेत, गप्पा तिथेच मारा.

परतीची ट्रेन शनिवारी रात्रीच ॲपवर तपासा, रविवारी रुळांची कामं निघतात आणि ट्रेनऐवजी बस मिळते, ती दुप्पट वेळ घेते. सोमवारी ऑफिस असेल तर सहाच्या आतली गाडी पकडा, काकू थालीपीठं बांधून देणार त्याला अर्धा तास वेगळा धरा.