नव्या गाडीत इशाऱ्याचा दिवा लागला, तर आधी व्हिडिओ घ्या

इलेक्ट्रॉनिक बिघाड सर्व्हिस सेंटरच्या दारात पोहोचेपर्यंत हमखास गायब होतो. म्हणून इशारा दिसताच गाडी सुरक्षित जागी थांबवून डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या, किलोमीटरच्या आकड्यासकट. बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ करायचा मोह टाळा. त्याने फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे सांकेतिक क्रमांक) आणि बिघाडाच्या क्षणाच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात, मग मेकॅनिकने शोधायचं तरी काय? एकाच वेळी तीन-चार असंबद्ध इशारे आले तर आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासायला सांगा, पुष्कळदा मूळ तिथेच असतं. सर्व्हिस सेंटरवाले ‘काही सापडलं नाही’ म्हणाले तरी तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना ते बनवतात त्या नोंदपत्रावर, तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. वॉरंटी संपल्यावर तोच बिघाड उलटला, तर दाखवायला तारखेचा कागद हाती असतो.