देवाचं भय धरायचं म्हणजे नक्की करायचं काय

परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा प्रारंभ, बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं ९:१०, म्हणजे अध्याय ९, ओळ १०. संडेस्कूलपासून पाठ आहे आपल्याला, पण सोमवारी सकाळी उठून त्याचं करायचं काय हे कोणी सांगत नाही, म्हणून मला जे थोडंफार जमलं ते लिहितोय.

आधी भय आणि घाबरणं यातली गल्लत काढा. बायबलातलंच निर्गम हे पुस्तक, २०:२० उघडा. सीनाय डोंगरावर गडगडाट, धूर, लोक थरथर कापतायत आणि त्यांचा पुढारी मोशे म्हणतो भिऊ नका, आणि लगेच पुढे म्हणतो की देवाचं भय तुमच्यापुढे असावं, तुम्ही पाप करू नये, म्हणून देव आलाय. एकाच दमात दोन्ही! घाबरलेला माणूस लपतो, आदाम झाडांमागे लपला तसा. भय धरणारा लपत नाही, जपून वागतो. भयासाठी मूळ हिब्रूत जो यिराह शब्द आहे त्यात धाक पण आहे आणि आदर पण. आपल्या नाशिककरांना हे समजायला अवघड नाही खरं तर, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, राग कोणाचाच नसतो, पण पावसाळ्यात पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की घाटावर गाडी लावायला कोणी जात नाही.

मग वाचन. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, जी तारीख तो अध्याय, चहा व्हायच्या आत होतो. सगळं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, एक ओळ टोचली की थांबा.

आता मेन गोष्ट. आपल्याला कोणी बघत नाही अशी एक जागा शोधा आणि फक्त तिथंच सुरुवात करा. माझी जागा वजनकाटा निघाली. सीझनला मी घरूनच द्राक्षं विकतो, दोन किलोची खोकी. रिकामं खोकं काट्यावर ठेवून आधी शून्य करायचं असतं, मी ते करत नव्हतो, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईकाला दीडशे ग्रॅम पुठ्ठा द्राक्षाच्या भावात, आणि वर एक घड जास्तीचा टाकतोय असं दाखवायचो पण! ११ तारखेला ११ वा अध्याय आला, पहिलीच ओळ, खोटा काटा परमेश्वराला वीट आणतो. वाचली, चहा प्यायलो, आणि परत तसंच वजन केलं. खोटं कशाला बोलू.

म्हणून शेवटचं, आणि हेच सगळ्यात जड जातं, कोणी टोकलं तर लगेच तोंड उघडायचं नाही. ९:१० एकटं वाचू नका, त्याच्या आधीचं ९:८ वाचा, शहाण्याला बोल लावा तर तो तुमच्यावर प्रीती करेल, निंदकाला लावा तर तो द्वेष करेल. भयाची ओळ त्याच्यानंतर लगेच, एकच ओळ सोडून येते, आणि मला वाटतं ते उगाच नाही. एकदा मम्मी बाजूला घड निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, खोक्याचे पण पैसे घेतो का रे तू? मी म्हणालो सगळेच घेतात. ती काही बोलली नाही, उरलेले घड निवडून आत गेली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, मी खोकं रिकामं केलं, शून्य केलं, परत भरलं. दोन किलोला सव्वा घड कमी पडत होता.